नांगराला बांधलेला लाल दोरा

पूर्णगड,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप काशीरामकाकांच्या पायांशी पुतण्या लवूचा नमस्कार.

तुमचा गुडघा आणि तुळसाकाकींचा खोकला डोंबिवलीच्या हवेला एव्हाना सरावले असतील. आई विचारते, तिकडे मासळी ताजी मिळते की फ्रिजमधलीच खाता? (उत्तर काहीही दिलंत तरी ती हळहळणार आहे.) तुमची होडी विकत न्यायला लांज्याचा माणूस दिवाळीआधी येणार, तोवर नांगर, साखळी, दोर ठाकठीक करून ठेव, असं तुम्ही बजावलं होतंत. तो होडी हॉटेलच्या दारात ठेवून तीत गुलाब लावणार आहे. गुलाबांना नांगर कशाला, हे मी विचारलं नाही. फोनवर तुम्ही मध्येच ओरडता, म्हणून सगळा वृत्तान्त लिहूनच कळवतो.

साखळी गोड्या पाण्यात धुतली, गंज घासला, दोराचा कुजका भाग कापला आणि पीळ उकलून टोकाला तुम्ही शिकवलात तसा फास विणला (पहिल्या खेपेला त्यात माझं बोटही विणलं गेलं). मग नव्या कडीने दोर साखळीला जोडला. तेवढ्यात खंडेनवमी आली. आईने पूजेला कोयता, विळा मांडला आणि नांगरही मागितला. दोराला चिखलाचा वास, म्हणून कडी काढून नांगर आणि साखळी तेवढी देवापुढे घेतली. पूजेनंतर तिने साखळी पुन्हा दोराला जोडलीसुद्धा, पण देवाच्या लाल दोऱ्याने, आणि वर झेंडूचा हार घातला. कडी ताम्हनातच राहिली, हे मागाहून कळलं. आता पूजेचा हार दसरा उलटण्याआधी कोण काढणार? कडी हाराखाली असेल असं समजून मी हात जोडले.

दसऱ्याला दुपारी, भरती लागल्यावर, एकदा नांगर टाकून बघावा म्हणून खाडीत गेलो. नांगर हारासकट बुडाला. दोर पुढच्या खुंटीला बांधून मी पाठ टेकली. वारा होता, पाणी फळ्यांशी हळूहळू काहीतरी बोलत होतं, माझा डोळा लागला. उघडून पाहतो तर किल्ला समुद्राकडे निघालेला! बुरूज, खालचे माड, कौलं, अख्खी वस्ती शांतपणे सरकत होती. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, जाऊ दे बिचाऱ्यांना. शेवटी होडी पलीकडच्या खारफुटीत अलगद जाऊन बसली. काठावर धोंडू जाळं सुकवत होता. "मेल्या लवू, सीमोल्लंघनाला निघालास काय? नि नांगर कुठाय?" दोर ओढला, तर माझा सुंदर फास आणि त्याला लोंबणारा लाल दोरा. ओहोटीला धोंडूनेच गळ टाकून नांगर वर काढला.

सारांश, काका, माझ्या हाती होडी सुखरूप नाही. ती गुलाबांकडे गेलेलीच बरी.

आपला आज्ञाधारक,
लवू

ता. क. आई म्हणते, होडी काठाला लागली ना, मग दोरा पक्काच होता.

आणखी ता. क. डोळा लागला हे खोटं. झेंडू वर आले आणि दोर सैल पडला, तेव्हाच मला कळलं होतं. वल्ही हाताशी होती. पण एवढ्या आयुष्यात कुणी न ढकलता, न बोलावता मी कुठे गेलोच नव्हतो. फार सुख वाटलं, काका. होडी विकू नका. विकायची नाही असं लांज्याला मी तुमच्या नावाने सकाळीच कळवलंय, तेवढं सांभाळून घ्या.