रस्त्यावरचं दुकान ऋतुजाचं

मी, शेषेराव ग्यानोबा माकणीकर, वय ५४, राहणार औसा, पूर्ण शुद्धीवर आणि चहा घेऊन हे लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही; असता तरी जुमानला नसता. शाळा सातवीपर्यंत. वेल्डिंग बघून बघून शिकलो. माझ्या हातचं असं: राहतं घर, दुकानाचं शटर, गावातली निम्मी गेटं (उरलेली निम्मी करकरतात), आणि आई नागाबाईला लकवा मारल्यावर केलेली खाट. हँडल फिरवलं की ती डोक्याकडून उठते.

१. घर आणि बँकेतली ठेव पत्नी सिंधूची. तिला हिशेब विचारू नये. मी तीस वर्षं विचारून पाहिला.

२. खाट आईची. तिच्यानंतर ज्या घरी कुणी अंथरुणाला खिळेल त्यांना फुकट द्यावी. अट एकच, तेल घालत राहावं.

३. कन्या ऋतुजा इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करते. जावई दयानंदसह जायचं ठरलं होतं. पण मार्च २०२४ पासून तिथल्या सरकारने नियम लावला, की या कामाला येणाऱ्याने नवरा-लेकरं आणू नयेत. आमचा एजंट रेवणसिद्ध, त्याला हे एप्रिलमध्येही ठाऊक नव्हतं. पैसे मात्र आधीच घेतले होते. ऋतुजा एकटी गेली. दयानंद 'आठ दिवस' म्हणून आमच्याकडे आला, तो अजून आहे. त्याने माझा ग्राइंडर दोनदा जाळला. सबब ग्राइंडर त्याला मिळणार नाही.

४. वेल्डिंग मशीन मात्र त्याचंच. कारण लिहितो. ऋतुजा फोनवरून त्याला आईला कुशीवर वळवायला शिकवते, "अहो, आधी गुडघा दुमडा तिचा, मग खांदा धरा." आई ओरडते, "जावईबापू, मी सोयाबीनचं पोतं न्हाई!" तिथल्या म्हातारीची कूस पोरगी बदलते, इथल्या म्हातारीची जावई. आईच्या पाठीला अजून एकही फोड नाही. असा हात मशीन चालवायलाही शिकेल.

५. लातूर रस्त्यावरचं दुकान एकट्या ऋतुजाचं. तिच्या तिथल्या मालकाचा परदेशी माणसं ठेवायचा परवाना गेला तर साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर परत यायचं. कायम राहायला पाच वर्षं लागायची, तीही वाढवायचं चाललंय. पोरगी विचारते, "अण्णा, हाकललं तर येऊन करू काय?" बाई, स्वतःचं शटर उघड. आत काय मांडायचं ते तू ठरव. म्हातारे औशातही लई हायेत. तिच्या सहीशिवाय दुकान कुणी विकू नये, गहाण ठेवू नये. दयानंदनेही नाही.

६. रेवणसिद्धला काही नाही. या जुलैत नव्या माणसांना तिकडचं दार बंद झालं, तेव्हापासून तो जर्मनीचं सांगत फिरतो आणि ऑफिसला माझंच दुकान मागतो. त्याने काय देऊ केलं ते त्यानेच लिहावं, म्हणून साक्षीला बोलावलं आहे.

औसा, दि. १४ डिसेंबर २०२५
सही: शे. ग्या. माकणीकर

साक्षीदार १: शरणप्पा, शेजारी. सही समोर झाली. माझं गेट करकरत नाही.

साक्षीदार २: रेवणसिद्ध. काकांनी चहाला म्हणून बोलावलं होतं. दुकानाचे रोख देतो म्हणालो, काका नाही म्हणाले. रक्कम बरोबर लिहितो: रु. ४७,००,०००/-, अक्षरी सत्तेचाळीस लाख फक्त.