मालिनीच्या हातात बंदूक

रविवार, २ नोव्हेंबर
धक्का बसला. आमची मालिनी, बँकेत पंचवीस वर्षं अदबीने काम करणारी बाई, मोबाईलवर बंदुकांचा गेम खेळते! संध्याकाळी डायनिंग टेबलाशी, कानाला हेडफोन लावून. चहा मागितला तर म्हणाली, थांबा, आधी दोघांना मारते.

योग मात्र चांगला आहे. सोळा तारखेला सोसायटीच्या हास्यक्लबात माझं व्याख्यान आहे: ‘हिंसक गेम आणि वाढती आक्रमकता’. पुरावा घरातच सापडला. निरीक्षण करायचं, नोंदी ठेवायच्या. अजिबात चिडायचं नाही. तसा मी मुळात शांतच.

मृण्मयीचा फोन नाही. गणपतीत आली होती, नोकरी सोडते म्हणाली, मी समजावलं. आवाज शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेला, तो त्यांच्या भिंतींचा दोष. तेव्हापासून मुलगी बंगळुरूहून माझ्याशी बोलत नाही. मला काही फरक पडत नाही. फोन फुल चार्ज ठेवतो, ती आपली सवय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
नोंद: मालिनीने शेंगदाण्याचं कूट मिक्सरऐवजी खलबत्त्यात कुटलं. दणादण! विचारलं, राग येतोय का? म्हणाली, मिक्सर तुम्ही श्रावणात आपटलात.
आपटला होता. पण तो मुळात चालतच नव्हता, म्हणून आपटला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
गंगापूर रोडला एकाने गाडी आडवी घातली. काच खाली करून त्याला त्याच्या खानदानाविषयी थोडी माहिती दिली. सिग्नल दोनदा सुटला तरी माहिती संपेना. मालिनी शेजारी शांत बसलेली. चेहऱ्यावर काहीही नाही!
हेच ते. गेम खेळून माणूस हिंसेला निर्ढावतो, असं एका लेखात वाचलंय. व्याख्यानात घ्यायचं.

रविवार, ९ नोव्हेंबर
मिसळ खायला गेलो. आमच्यामागून आलेल्यांना आधी टेबल मिळालं. मी मॅनेजरच्या काउंटरवर फक्त हात ठेवला. जरा जोरात ठेवला. तिथला रस्सा माझ्या पांढऱ्या पँटवर. मालिनीने टिश्यू दिला आणि चक्क हसली. नोंद: क्रौर्य.
मृण्मयीला इथली मिसळ फार आवडते. सहज आठवलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
गंभीर. मालिनी गेममध्ये कुणाशी तरी बोलत होती. घाबरू नकोस, माझ्या मागे राहा, मी आहे ना. इतक्या गोड आवाजात! माझ्याशी लग्नाला तीस वर्षं झाली, मला कधी ‘मी आहे ना’ म्हणाली नाही.
जाब विचारला. एक कान मोकळा करून म्हणाली, टीममधलं आहे कुणीतरी. कुठलं? तर बंगळुरूचं. बंगळुरूत लाखो लोक राहतात. पुढे विचारलं नाही.
हेडफोन कशाला लागतात, म्हटलं. म्हणाली, बाहेर आवाज फार असतो.
बाहेर तर फक्त मी होतो.

रविवार, १६ नोव्हेंबर
व्याख्यान झालं. सुरुवात उत्तम. ‘संयम’ या मुद्द्यावर आलो आणि तिसऱ्या मजल्यावरचे कारभारी आप्पा उठले. सायखेड्याचा माणूस, मुलाकडे राहायला आलाय. म्हणाले, साहेब, वाईट नका वाटून घेऊ, पण तुम्ही कोणता गेम खेळता? रोज सकाळी पार्किंगमधून लय आवाज येतो तुमचा.
हास्यक्लबच तो. हसायला लागले ते थांबेनात.
माईक माझ्या हातातून सुटला. आप्पांच्या दिशेने सुटला हा योगायोग. त्यांना लागला नाही, समईला लागला. कुणा नालायकाने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला.

सोमवार, १७ नोव्हेंबर
व्हिडिओ बंगळुरूला पोचला. कसा, म्हणून मालिनीला विचारलं. तिने हेडफोन काढून ठेवले आणि शांतपणे सांगितलं, मीच पाठवला. टीममधली ती मृण्मयीच. गणपतीपासून दोघी रोज खेळतात. गप्पा तिथेच होतात. घरी फोन केला आणि मागून माझा आवाज आला की पोरीचे हातपाय गार पडतात म्हणे. गोळ्यांच्या आवाजाची तिला भीती वाटत नाही.
मी म्हटलं, मी कधी ओरडतो? खालच्या वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं, साहेब, काही झालं का?
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जेवलो नाही. विचारायलाही कुणी आलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर
मालिनीला म्हटलं, मलाही घ्या खेळायला. अभ्यास म्हणून. तिने तिकडे विचारलं. परवानगी मिळाली, एका अटीवर. बाबांचा माईक बंद ठेवायचा.
अपमान आहे हा! मी साफ नकार देणार होतो. रविवारी संध्याकाळी जमेल, असं कळवलं.

रविवार, २३ नोव्हेंबर
पावणेसहापासून टेबलाशी बसलो होतो. इस्त्रीचा शर्ट घातला. मालिनी म्हणाली, तुम्ही दिसणार नाही आहात. तरी घातला.
हेडफोन लावले. गणपतीनंतर पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. म्हणाली, बाबा, खाली वाका. मी वाकलो. खुर्चीतच वाकलो. मालिनी हसली, मला कळेना का.
बटणं सापडत नव्हती. कुणीतरी मला पाठीत गोळी घातली. मालिनी म्हणाली, माझी लागली वाटतं, चुकून. सॉरी म्हणाली नाही.
मी पडलो. मग एवढ्या गोळीबारातून मृण्मयी पळत आली, माझ्याजवळ बसली. हलू नका बाबा, उठवते म्हणाली.
हललो नाही. जेवलीस का, विचारलं. ती काही बोलली नाही. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.
माईक बंद होता.