पंचगंगा वर्गातील पाचवी नौका

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी रंकाळ्यावर संयुक्त सराव. धुके, पलीकडचा काठ नव्हताच. अशा वेळी तळ्याला समुद्र मानणे जड जात नाही. हातभर लांबीच्या लाकडी नौका : माझ्या करवीर आरमाराच्या ‘कासारी’ व ‘कुंभी’. बसवराजच्या नेसरी आरमाराची ‘भोगावती’ आणि आज प्रथमच ‘तुळशी’. बी.कॉम.च्या शेवटच्या बाकावर दोघांनी कल्पिलेला हा पंचगंगा वर्ग : क्षेपणास्त्रवाहू विनाशिका, दोन मित्रराष्ट्रे, आराखडा एकच, बदल उभयतांच्या संमतीनेच. दोन्ही राष्ट्रांना समुद्र नाही, ही अडचण तेव्हाही वाटली नव्हती. पाचवी ‘सरस्वती’, ती नदी गुप्त, म्हणून बांधायची नाही.
चौघी शेजारी लावल्या. तुळशीचे नाक पुढे आले. किंचित, पण आले.

३ नोव्हें.
काल तळ्यावर घेतलेली तुळशीची मापे आराखड्याशी ताडली. लांबी, रुंदी, मनोरे, सर्व एकाच प्रमाणात अधिक. कारण उघड. बसवराजचे शिरोलीत पॅटर्न शॉप, ओतकामाचे लाकडी नमुने करण्याचे. ओतलेले लोखंड निवताना आकसते, म्हणून लाकडी नमुना थोडा मोठा करतात. त्याची मोजपट्टीच वेगळी. हाताने सवयीने तीच उचलली.
फोन केला. आराखड्यात बसत नाही, पुन्हा करावी लागेल.
“पुन्हा? दुकान देऊन लेकीकडं हुबळीला चाललोय मी, ठावं हाय की तुला.”
“म्हणूनच. जाण्यापूर्वी.”
“मग तुझं आरमार तुझ्यापाशी ठेव, मर्दा. तह संपला.”

९ नोव्हें., रविवार
रंकाळ्यावर एकटाच. कासारी पिशवीतून काढली नाही.
सौ. : “अहो, बोटभर लाकडापायी माणूस घालवताय?”
बोटभर नव्हे, त्याहून कमी. हे मी तिला सांगितलेही.

१२ नोव्हें.
पहाटे स्वप्न. शिरोलीचा रस्ता पाण्याखाली, धुराडी दीपस्तंभांसारखी. त्यांमधून तुळशी चालली होती, खऱ्या आकाराची, राखाडी, निःशब्द. जाता जाता लहान होत होती. दूर गेल्याने नव्हे, निवल्याने.
जाग आली तेव्हा उत्तर समोर होते. चूक तुळशीत नाही. ती अद्याप ओतलेली नाही, इतकेच.

१४ नोव्हें.
बसवराजच्या दुकानी. अर्धी हत्यारे खोक्यांत. म्हणालो, “हिच्यावरून लोखंडाची ओतू. आकसून आराखड्याला येईल. मी हिशेब लिहितो त्या फाउंड्रीच्या मालकांना विचारले आहे.”
वर न पाहता, “लोखंडाची? बुडंल की, येड्या!”
बराच वेळ रंधा मारत राहिला. मग तुळशी माझ्यापुढे सरकवली.
“मनोरे काढून ने. मोडशील.”

१८ नोव्हें.
ओतली. बसवराज येईल असे वाटले नव्हते, आला. रस वाळूत उतरला, तांबूस उजेड त्याच्या चष्म्यावर थांबला, विझला. साचा उद्या फोडणार.
“तुळशी माझी हाय तशीच ऱ्हाऊ दे. मोठी.”
“मग ही कोणती?”
त्याने वाळूच्या पेटीकडे बोट केले. “सरस्वती. गडप हाय न्हवं?”
“कोणत्या आरमाराची? तह तर...”
तो पेटीच्या धगीला हात धरून उभा राहिला. मीही धरले.
हे लिहीत असताना ती तिथे वाळूत, कोणाला न दिसता, मापाला येत असेल. तरंगेल की बुडेल, ते दोघांनी मिळून पाहायचे.