भुरीसाठी नेलेली ओढणी

अपेक्षा माय,

भुरीनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाय, म्हणून तिला रिक्षानं छावणी भागातल्या कुत्र्यांच्या डॉक्टरकडं नेते. तिच्या किडन्या आता बऱ्या होणार नायत, पण सलाईन लावलं की तिला आराम पडतो. तुझी पिवळी ओढणी न विचारता घेतली, रागावू नको. आम्ही मेंढरांमागं फिरायचो तेव्हा आजारी कोकराला त्याच्या माणसाच्या कापडात गुंडाळायचो. वासानं जनावर शांत पडतं. भुरीचं माणूस तूच हाय. तू तिच्याजवळ जाणं सोडलंस, तरी तुझी शाळेची रिक्षा आली की ती शेपटी हलवत दाराकडं बघत बसते.

डब्यात धपाटे हायेत, दही फ्रिजमधी. आधी जेव. मग शेजारचा रामप्रसाद तुला गाडीवर दवाखान्यात आणून सोडील. पण यावं वाटलं तरच ये.

"मरणारच हाय, तर कशाला जीव लावायचा?" असं तू काल म्हणलीस. त्याचं उत्तर आता देते. तुझी आई बरी झाली की तू तिच्याकडं जाणार, हे तुला माझ्याकडं सांभाळायला देणाऱ्या संस्थेच्या ताईंनी तू आलीस त्याच दिवशी मला सांगितलंय. तरी रोज हौसेनं तुझी वेणी घालतेच ना मी?

बानाबाई