नोंदीवरचं नाव

३ मार्च

स्लाइडवाले डॉक्टर आज पुन्हा! आमच्या हॉस्पिटलच्या नव्या संगणक-प्रणालीचे सल्लागार. माहितीप्रणालीत पीएच.डी. वॉर्डात कधी पाऊल नाही, पण वॉर्ड कसा चालावा यावर तासभर प्रवचन.

मी उठले. म्हटलं, दर वेळी नव्याने लॉगिन करण्यात नर्सचा जीव जातो. म्हणून सकाळी एक जण लॉगिन करते आणि दिवसभर सगळ्या तिच्याच नावावर नोंदी करतात. तुमच्या प्रणालीत नाव एकीचं, हात दुसरीचा!

गृहस्थ हसले. "मॅडम, हे तुमचं निरीक्षण झालं. संशोधन नव्हे."

अधीक्षकांनी मान डोलावली. नंदीबैल! संगणक विभागात मी इतकी वर्षं; इथला पहिला संगणक मी बसवला, तेव्हा हे सल्लागार महाशय शाळेत पाटी-दप्तर सांभाळत असतील.

४ मार्च

ठरलं. मीही पीएच.डी. करणार. नोकरी सांभाळून, दूरशिक्षणाने. तीच पदवी लावून त्यांच्याच टेबलाशी बसेन, मग बघू कोण हसतं.

नवरा म्हणाला, "कर की. पण दारावर 'डॉक्टर' लिहू नकोस. सगळी सोसायटी गुडघे दाखवायला येईल."

हसले नाही. (आता येतंय हसू.)

९ मार्च

मार्गदर्शक बाईंशी पडद्यावर भेट. त्यांनी होकार दिला तरच प्रवेश. मी बोलले— यंत्र आणि माणूस, सत्ता आणि नोंद, वाचलेलं सगळं पणाला लावून. सभेत टाळ्या पडल्या असत्या. बाई शांतपणे पाणी प्यायल्या.

"छान बोलता. पण तुमच्याकडे उत्तरंच आहेत. प्रश्न कुठेय?"

१० मार्च

प्रश्न कुठेय म्हणे! भांडी इतकी आपटली की लेक बाहेर येऊन म्हणाली, "आई, कढईने काय केलंय?"

१४ मार्च

जे व्हायचं तेच झालं. वॉर्डात एका आजोबांना एकच इंजेक्शन दोनदा दिलं गेलं. वाचले, थोडक्यात. दोन्ही नोंदी एकाच नर्सच्या नावावर, म्हणून तिला घरी बसवलं. नवी पोर, घरी आजारी वडील. अधीक्षक म्हणतात, "प्रणाली खोटं बोलत नाही."

नाही बोलत? त्या दिवशी सकाळचं लॉगिन तिचं होतं! अख्खा वॉर्ड तिच्या नावावर चालला होता!

तडक तिच्या घरी गेले. डोळे सुजलेले. "ताई, पण मी—" म्हणाली. मी म्हटलं, तू काही बोलू नकोस. घाबरलीयस. चौकशीत मी बोलते.

१७ मार्च

बाईंना सगळं कळवलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "हा घ्या प्रश्न! नोंदीत नाव आहे, पण काम त्याच हाताने केलं कशावरून? याच घटनेपासून सुरुवात करा." एका बैठकीत संशोधनाचा आराखडा लिहून काढला. राग असला की लेखणी कशी पळते!

२१ मार्च

चौकशी. समितीसमोर वॉर्डातल्या संगणकावरच दाखवलं— लॉगिन एकीचं, नोंद केली मी, नाव तिचं! स्लाइडवाले डॉक्टर चष्मा पुसत बसले. शेवटी म्हटलं, "ज्या यंत्राला हात ओळखता येत नाहीत, त्याच्या साक्षीवर तुम्ही माणसाला फाशी देणार?" दारात जमलेल्या नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. अधीक्षकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

पोर सुटली. उद्यापासून कामावर. ती मात्र मान वर करेना. बिचारी.

२२ मार्च

बाईंचा होकार आला! आराखडा विद्यापीठाकडे गेला. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या पोरीचंच. स्लाइडवाल्यांना एक प्रत पाठवावी म्हणते!

२३ मार्च

पोर सकाळी दारात. चप्पलसुद्धा काढेना. "ताई, दोन्ही वेळा मीच दिलं होतं इंजेक्शन. पहिलं दिल्याचं विसरलेच. तेव्हाच सांगणार होते, काल-परवाही... तुम्ही इतकं छान बोलत होतात, मध्ये कशी बोलणार?"