चोरटी विहीण

प्रिय सहाना,

फोनवर तू मी जेवलो का ते विचारतेस, मी हो म्हणतो, आणि तेवढ्यात तुमच्या डोंगरावरची रेंज जाते. एप्रिलपासून आपलं बोलणं इतकंच. म्हणून पत्र. आपलं मैसूरचं मराठी, निम्मं कन्नड. चुका सापडल्या तर मास्तरीणपणा करू नकोस.

लष्कर मोहल्ल्यातलं दुकान चालू आहे. भाता फाटलेल्या, सूर बसलेल्या पेट्या येतात, मी दुरुस्त करतो. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा, म्हणून समोरच्या हॉटेलात इडली खातो. तुझी आई असती तर तिनं मला आणि हॉटेलवाल्याला, दोघांनाही झाडलं असतं.

लिहायचं आहे ते एप्रिलच्या त्या जत्रेबद्दल. चार वर्षांपूर्वी तू होन्नेकट्टेच्या शाळेत शिकवायला गेलीस आणि तिथल्याच मादेशशी लग्न केलंस, तेव्हा मी आलो नाही. आईलाही येऊ दिलं नाही. आपण राजाच्या फौजेतल्या शिलेदारांची माणसं, रानातल्या लोकांशी कसली सोयरीक, असं म्हणालो होतो. शिलेदारी कधीच संपली आणि मी पेट्यांचे भाते चिकटवतो, हे सोयीनं विसरलो. आई गेल्यावर आठ महिन्यांनी तू जत्रेला बोलावलंस, तेव्हा कुठे पहिल्यांदा तो डोंगर चढलो.

तुमच्या लोकांनी मला फॉरेस्ट गार्डशेजारी खुर्ची दिली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बायकांनी देवाला शिव्या घालायला सुरुवात केली. देवानं त्यांच्यातल्या मुलीशी लग्न केलं म्हणून तो जावई, हे तू सांगितलं होतंस. पण भर देवळासमोर, ढोलाच्या तालावर, हा मध चोरून खातो, काम सांगितलं की मूर्ती होऊन बसतो, सासू दिसली की गाभाऱ्यात दडतो! अय्यो, पुजारीही हसत होता. तुझी सासू केंपम्मा पेटीवरच्या काळी दोनच्या जरा खालीच गाते, पण एकदा धरलेला सूर सोडत नाही. मीही मनातल्या मनात हसलो.

आणि मग ती माझ्याकडे आली. हाताला धरून खुर्चीवरून उठवलं, खाली चटईवर बसवलं आणि गाणं माझ्यावर वळवलं. माझं टक्कल झालं, माझं पोट झालं. तिथवर मी दात ओठ खाऊन बसलो. मग म्हणाली, मैसूरची चोरटी विहीण पदरात लाडू बांधून झाडामागे लपलीय, बाहेर ये गं, म्हातारा एकटाच आलाय. सगळ्या खो-खो हसल्या. मेलेल्या बाईची थट्टा! मी उठलो, चपला घातल्या, सगळ्यांसमोर रानटी हा शब्द वापरला. तू मागून काहीतरी सांगत धावत आलीस. मी थांबलो नाही, दोनची बस पकडली.

गेल्या आठवड्यात मादेश दुकानात आला, तुमच्या भजनी मंडळाची पेटी घेऊन. मी पेटी उघडली, तो स्टुलावर बसला. मग त्यानं शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडे खुर्ची परक्याला देतात, गार्डला, तहसीलदाराला. गाण्यातल्या शिव्या फक्त घरच्यांना. घरचं माणूस मेलं तरी त्याचा हक्क जात नाही. जत्रेत त्यालाही थट्टा करून जेवायला बोलावतात. मला चटईवर बसवलं तेव्हा केंपम्मानं मला व्याही करून घेतलं होतं. हे ऐकताना मला आठवलं, आपल्यातही विहिणीला गाण्यातून नावं ठेवायचे. माझ्या आईच्या तोंडून ऐकलंय मी. मंगल कार्यालयात ऑर्केस्ट्रा आला आणि ते सगळं बंद पडलं.

तरी मी हटून बसलो. म्हटलं, पण चोरटी का? लाडू कुठून आले? तर तो पेटीकडे बघत म्हणाला की सहानाची आई, भवानीबाई, यायच्या ना, लाडू घेऊन. येलवालला बहिणीकडे जाते सांगून, तीनदा. पहिल्या वेळी बायकांनी शिव्या दिल्या तेव्हा भवानीबाईंनी पदर खोचला आणि मराठीतून अशा काही परत दिल्या की कोणाला शब्द कळला नाही, तरी केंपम्मा हसून हसून खाली बसली. सहाना, तुला हे ठाऊक होतं. मला थोडा राग आला तुझा. मग आठवलं, तू मागून धावत काय सांगत होतीस ते मी ऐकूनच घेतलं नव्हतं. चुकलो गं. केंपम्मालाही सांग, मी तिची माफी मागतो. आणि तो रानटी शब्द माझा मलाच लागू पडतो.

येत्या चौदा तारखेला आईचं वर्षश्राद्ध. मावशीनं भटजी ठरवायला सांगितलं, मी ठरवला नाही. सकाळच्या बसनं वर येतोय, पेटी दुरुस्त करून घेऊन. लाडू मी स्वतः वळलेत, दगडासारखे झालेत, त्यावर केंपम्माला एक कडवं नक्की सुचेल. तिला सांग, ते गाणं पहिल्यापासून म्हण, माझ्या टकलासकट, आणि झाडामागून विहिणीला बाहेर बोलाव. मी उठून जाणार नाही. एवढं मागायलाच हे पत्र. खुर्ची मात्र मांडू देऊ नकोस.

तुझाच, चटईवर बसायला येणारा,
अप्पा