न काढलेला दोरा

आई,

तुला दंडवत आणि पत्र वाचून दाखवणाऱ्या ताईला नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो.

दर आठवड्याला काहीतरी नवं कळव म्हणतेस ना, मग ऐक. रविवारी चित्रांचं प्रदर्शन बघायला गेलो. एका चित्रात बाईने दोन्ही हातांच्या चिमट्या डोळ्यांपाशी धरल्या होत्या. तिथला रखवालदार म्हणाला, "डोळ्यात कुसळ गेलंय तिच्या." मी म्हटलं, "छे हो, सुईत दोरा ओवतेय." चित्रकाराने दोरा काढलाच नव्हता, पण जिभेचं टोक ओठांत होतं, अगदी तुझ्यासारखं.

तुझ्या डोळ्यांवरची पट्टी कधी सुटणार? ताई सारखं "सगळं ठीक" म्हणते, म्हणूनच विचारतो.

ताई, इथे थांब. खालची ओळ मोठ्या अक्षरांत काढली आहे, ती पट्टी सुटल्यावर आईच वाचेल.

आई, मी आलो की तुझ्या सगळ्या सुया ओवून देईन.

तुझा धाकटा